फोटोखालची ओळ

मालवण,
१४ नोव्हेंबर २०१०

देवेशा,

सुखी राहा, वेळेवर जेवत जा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. दिवाळीला येशील म्हणून आयेने तुझ्यासाठी कडबोळी डब्यात राखून ठेवली होती. ती मी परवा संपवली.

तुझं पत्र पोचलं. वर 'माननीय ग्रंथपाल महोदया' लिहिलंयस. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं टपाल फोडलं की काय! सख्ख्या बहिणीला असं लिहितात होय रे? उत्तर मेलने दिलं असतं, पण तुमच्या ग्रंथखरेदी समितीचा मेल सगळी विद्यापीठं वाचतात आणि मला तुझ्याशी एकट्याशी बोलायचंय.

तुझं म्हणणं असं, की तुझं पुस्तक आमच्या कॉलेजातून पुन्हा पुन्हा उघडलं गेलं आणि म्हणून ते सगळ्या ग्रंथालयांसाठी विकत घेतलं गेलं. आता मी लिहून द्यायचं की हे चुकून झालं, खरेदी रद्द करा. का, तर 'बहिणीने भावाचं पुस्तक खपवलं' असं लोक म्हणतील. नाही लिहिलं तर आमच्या कॉलेजला योजनेतून काढतील.

नाही लिहिणार. काढा.

अरे, नियम केले कुणी? तुम्हीच ना? यादीतली ई-पुस्तकं सगळ्या ग्रंथालयांत उघडी ठेवायची, वाचकांनी एखादं ठरावीक वेळा उघडलं की ते सगळ्यांच्या निधीतून आपोआप घ्यायचं. 'आता खरेदी वाचक करणार', असं तूच माइक धरून सांगत होतास, मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मग केली वाचकाने खरेदी! आणि मी तुझी बहीण आहे हे तिथे कुणाला ठाऊक आहे? तू कधी ओळख करून दिलीस?

समितीला वाचकाचं नाव हवंय म्हणे. तेही मिळणार नाही. कोण काय वाचतं ते सांगत फिरायला मी ग्रंथपाल झाले नाही. गावातल्या वाचकांना देतो तसं रीतसर कार्ड आहे. त्या वाचकाला इंग्रजी येत नसावं, अशी तुला शंका आहे. नाहीच येत! इंग्रजी आलं पाहिजे असं कुठल्या नियमात आहे? तुमच्याकडचे सगळे प्राध्यापक उघडलेलं पुस्तक समजूनच बंद करतात का?

दरवेळी एकच पान कसं, असं विचारलंयस. त्या पानावर काय आहे ते तुला आठवत नाही? आठवतं. म्हणूनच मी महोदया झाले.

आये बाजार उरकून माझ्याकडे येते. माशांची पाटी बाहेर ठेवते, हात धुते आणि माझं काम संपेपर्यंत पंख्याखाली बसते. एकदा म्हटलं, बघ, तुझ्या झिलाचं पुस्तक. पानं सरकवता सरकवता तिचा फोटो आला. तू काढलेला. झील फोटो काढणार म्हणून मासे विकायला ती ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती, तो. देवेशा, ती किती हसली! मग बोट ठेवून विचारलंन, "खाली काय लिवल्यान?"

खाली तू इंग्रजीत लिहिलंयस, 'मालवण किनाऱ्यावरची एक अनोळखी मासेविक्रेती'.

मी 'अनोळखी'च्या जागी आई घातली. सांगितलं, "'माझी आवस' असा लिवल्यान."

"नाव नाय घातल्यान?"

"नाय."

"आसांदे. आवस म्हटल्यान मां, झाला."

तेव्हापासून रोज. "सारके, माझा पान काड गो." बाजारातल्या बायकांनाही घेऊन येते, यशोदेला, सुशीलेला. "बघ गो, माझ्या झिलान माका पुस्तकात घातल्यान." पुस्तक असं विकलं गेलं, बाबा. मी खोटं बोलले ते बोलले. पुन्हा विचारलंन तर पुन्हा तेच सांगेन. खरं तू लिहायचं होतंस.

आता पुढचं ऐक. यशोदेची सून तारकर्लीला एका लॉजवर कामाला आहे, फाडफाड इंग्रजी बोलते. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून २९ तारखेच्या सोमवारी आये तिला ग्रंथालयात आणणार आहे. सगळ्या बायकांसमोर तिच्याकडून ती ओळ इंग्रजीत मोठ्याने वाचून घेणार आहे. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही.

खरेदी रद्द केली की पुस्तक यादीतूनच जाईल, पान दिसायचं बंद होईल आणि तू सुटशील. मला कळतं रे ते. म्हणूनच मी रद्द करू देणार नाही. माझ्या आयेने बघून बघून मिळवलेलं पुस्तक आहे ते, तुझ्या समितीच्या बापाचं नाही.

ई-पुस्तक आहे. प्रकाशकाला सांगून ओळ बदलून घे. एकदा बदललीस की सगळ्या विद्यापीठांत बदलेल. लाज वाटणार असेल तर सगळ्या विद्यापीठांत वाटून घे. आणि प्रकाशक वेळेत ऐकत नसेल तर सोमवारी स्वतः ये, यशोदेच्या सुनेच्या जागी उभा राहा आणि काय वाचायचं ते आयेच्या तोंडाकडे बघून ठरव.

समितीला माझं उत्तर उद्या जाईल. एकच वाक्य आहे: वाचक खरा आहे, खरेदी खरी आहे.

शेवटी आईचे आशीर्वाद लिहायची रीत आहे. तिने सांगितलेतही, चुलीपुढून ओरडून. पण देवेशा, एका अनोळखी बाईचे आशीर्वाद मी तुला कसे कळवू?

कृष्णाबाईची मुलगी,
सारिका