मोजून दिलेला भार

ती. बाबांना,

लेकीचा वाकून नमस्कार. आता खरंच वाकता येतं.

कापलेल्या पायाच्या मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा हाडाने घट्ट धरलाय. नवी खुर्ची केली की सांधा वाळेपर्यंत तुम्ही कुणाला बसू देत नाही ना, इथेही तसंच. वजनकाट्यावर दांडा टेकवून मोजून भार द्यायचा आणि दर आठवड्याला थोडा वाढवायचा. भार मिळाला तरच हाड बळकट होतं, पण घाई केली तर दांडा सैल होतो.

सुताराची मुलगी असूनही मी घाई केलीच. दहा किलो सांगितले होते, मी वीस दाबले. हाड असं ठणकलं! व्यायाम घेणाऱ्या बाई ओरडल्या नाहीत, त्यांनी काटाच आठवडाभर कपाटात ठेवला. आता ठीक आहे. दांडा कातडीतून बाहेर येतो तिथे थोडं ओलसर राहतं, मी रोज पुसते. आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा एवढं गाळा.

तुमचा खोकला कसा आहे? रंधा मारताना नाकाला फडकं बांधता की नाही?

काल दांड्याला नवा नकली पाय जोडून बाईंनी मला डोळे मिटून चालवलं. फरशीवर टाचेचा हादरा हाडातून थेट कमरेपर्यंत पोचत होता. मांडीला पट्ट्याने बांधायच्या जुन्या नकली पायात असं कधी कळलं नव्हतं. मग एका पावलाला तो हादरा मऊ झाला आणि मी थांबले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"इथून लाकूड सुरू झालं."

डोळे उघडले, बाबा, तर पायाखाली फळ्याच होत्या.

तुमची,
धांदरट