पाण्याची तंबाखू

स्कारबरो, शनिवार संध्याकाळ, सप्टेंबर २०१७

लिही रीना, आणि काही गाळू नकोस. सून म्हणून तुला लाज वाटते ते कळतं, पण रोजनिशी माझी आहे.

आज तू मला पाणथळीवर नेलंस. इथल्या मूळच्या लोकांची ती जागा. बाहेरून येऊन माजलेलं गवत उपटायचं, म्हणजे त्यांचा पाण्यातला भात पुन्हा उगवेल. भात म्हटल्यावर मी घरी कशी बसेन? त्यांच्यातली एक आजी, माझ्याच वयाची, कामाआधी प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर तंबाखू ठेवत होती. तू हातमोजे शोधत होतीस. मला वाटलं, काय रीतीची माणसं ही! ठेवली दाढेखाली. तू सोडायला लावलीस तेव्हापासूनची पहिलीच. काय लागली म्हणून सांगू!

बघते तर बाकीचे वाकून ती पाण्याला वाहतायत. तू ओरडलीस, "आई, थुंका! ती पाण्याला द्यायची असते!" आता तिथे थुंकू? गिळली.

तेव्हापासून तेच मनात. पाण्याचा नैवेद्य उष्टा केला मी. तुझा त्या जागेवर एवढा जीव, आणि माझ्यापायी तुलाच बोलावणं बंद झालं तर? त्या आजीने दुसरी चिमूट दिली खरी, पण माझा हात रिकामा होईस्तोवर मनगट सोडलं नाही. निघताना ती तुला काय म्हणाली? गाडीत विचारलं तर तू रेडिओ लावलास. आधी सांग, मग लिही.

"सासूला पुढच्या शनिवारीही आण, तिचं मनगट मी धरते", असं म्हणाली?

मग एवढा वेळ तोंड फुगवून का बसलीस गं? उद्या माझ्या मापाचे गमबूट आण.