पडद्याआडून सांगितलेलं तेल

अण्णा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. त्यामुळे हे पत्र तुम्ही असताना लिहिलं असतं तरी मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्या तोंडाकडे बघत हे वाचायची माझी हिंमत झाली नसती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता ऐकणारं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. यात काही शौर्य नाही हे मलाही कळतं.

केजच्या रस्त्याकडेच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. पुढची गॅरेजची, मागची स्वयंपाकाची, मधल्या दाराला पोत्याचा पडदा. पुढे दिवसभर गाडीवाले बसलेले असायचे, म्हणून बायकांनी पडद्याच्या अलीकडे राहायचं. हा नियम तुम्ही कधी तोंडाने सांगितला नाही, पण आईने तो पाळला आणि तिचं बघून मीही. चहा लागला की तुम्ही पडद्याखालून रिकामी किटली आत सरकवायचात, मी ती भरून परत बाहेर सरकवायची. चार वर्षं औरंगाबादला राहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले, घराण्यातली पहिली पदवीधर, तरी किटली पडद्याखालूनच जात होती. मला त्याचा राग येत असे. मी तुम्हाला एकदा म्हणालेही, की मी पुढे येऊन बसते, गिऱ्हाइकांशी मीच बोलते. तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशी मोडीत निघालेल्या जीपचं सीट आणून त्याला लोखंडी पाय जोडलेत. वेल्डिंग गार झाल्यावर ते उचलून आत आणलंत आणि पडद्याला लागून, चुलीपासून चार हातांवर ठेवलंत. म्हणालात, "हितं बसत जा. मी तुला ईचारीन आन् भाईर जाऊन सांगीन. आजपसून तेलाचं तू बघायचं." माझ्या पदवीला तुम्ही दिलेली ती भेट. मला तेव्हा ती अपुरी वाटली होती.

त्याआधी तेलाचं तुम्ही कसं बघायचात, ते मला लहानपणापासून पाठ होतं. गिअर ऑइलचे दोन डबे असायचे. एकाच्या कानाला लाल चिंधी, दुसऱ्याच्या पांढरी. लाल चिंधीचं तेल मागच्या हौसिंगला, जिथे मोठ्या वाकड्या दातांच्या चाकावर सगळ्या गाडीचा जोर येतो. पांढऱ्या चिंधीचं गिअरबॉक्सला. नवा डबा आला की तुम्ही त्यात बोट बुडवायचात, अंगठ्यावर चोळायचात, नाकाशी न्यायचात. "ह्याला गंधकाचा वास लई हाय. लाल बांध." मनात शंका राहिली तर काचेच्या बाटलीत थोडं तेल घेऊन त्यात जुन्या गिअरबॉक्समधल्या, गिअर जुळवून देणाऱ्या पितळी रिंगेचा तुकडा टाकायचा आणि बाटली पत्र्यावर उन्हात ठेवून द्यायची. पंधरा दिवसांनी तुकडा काढून फडक्याने पुसायचा. पिवळा राहिला तर पांढरी चिंधी, काळा पडला तर लाल. हे तुम्हाला कुणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाने विचारावं असं त्यात काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात दुकानदाराने नवा डबा आणून ठेवला, दोन्हीकडे चालतं म्हणाला. पंधरा दिवस बाटली उन्हात ठेवून झाल्यावर तुम्ही तो घेऊन आत आलात. मी भाकरी थापत होते. हे सगळं आज घडल्यासारखं दिसतं, तुमचा अंगठा तेलाने चमकतोय, तोही.

"ह्याच्यावर काय लिवलंय बग बरं."

"नव्वद नंबर. जीएल-फाइव्ह."

"आन् आपल्या पांढऱ्या चिंधीवर?"

"त्यावर जीएल-फोर आहे."

"मंजी काय?"

"म्हणजे दर्जा, अण्णा. चौथीपेक्षा पाचवी वरची असते, तसं. हे जास्त चांगलं आहे. दोन्हीकडे हेच घाला."

"वास येतोय पर. बाटलीतला तुकडाबी काळा झालाय, बगितलास का?"

"उन्हात काय काळं पडत नाही? आपण नाही का पडलो?"

तुम्ही हसलात. मीही हसले. मी पुस्तकातला तक्ता बघितला होता, जास्त दाबाला कुठलं तेल टिकतं याचा, आणि त्यात पाच नंबर खरोखरच वर होता. दाबाला टिकण्यासाठी त्यात जे गंधक जास्त घालतात ते पितळेला खातं, हे पुढच्या पानावर होतं. ते पान मी उलटलं नव्हतं. त्या दुपारी मी तुमची बाटली रिकामी केली, सोड्याने घासली आणि तिच्यात रॉकेल भरून ठेवलं. तुम्ही दोन्ही चिंध्या सोडल्यात, त्यांना हात पुसलेत आणि टाकून दिल्यात. तुमच्या नाकापेक्षा, तुमच्या अंगठ्यापेक्षा, तीस वर्षांपेक्षा माझं वाचणं मोठं, असं तुम्ही किती सहज मान्य केलंत. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला होता, की मी मैत्रिणीला पत्र लिहून कळवलं, आमच्या गॅरेजमध्ये आता शास्त्रीय पद्धत आली.

चार-सहा महिन्यांनी गाडीवाले कुरकुर करायला लागले. दुसरा गिअर पडताना खरखरतो, खाली टाकताना अडतो. सगळ्यांत जास्त तक्रार जीपवाल्या काकांची. धनगरवाड्यातले, तुमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, केज ते बीड काळी-पिवळी प्रवासी जीप चालवायचे. ते तीनदा आले. प्रत्येक वेळी तुम्ही आत आलात आणि मी म्हणाले, क्लच पूर्ण दाबत नसतील, दाबायला सांगा. तिसऱ्या वेळी तुम्ही लगेच बाहेर गेला नाहीत. पडदा हातात धरून उभे राहिलात.

"जुनं तेल घालून बगू का येकदा? मागलं येक पिंप हाय पडलेलं."

"अण्णा, अडाण्यासारखं करू नका. मग मी चार वर्षं काय शिकले?"

पडदा सोडलात. बाहेरचं सगळं मला ऐकू येत होतं.

"क्लच पुरा दाबत जा की बे. म्हसरं हाकायची सवय गेली न्हाई तुजी आजून."

"म्हस बरी, मेस्त्री. ढोसलं तर मागं फिरून बगती तरी. तुमचा ह्यो गिअरचा डबा तेबी करंना."

सगळे हसले. काका जीप घेऊन गेले. पडद्याआड मीही हसत होते.

त्यानंतर आठ दिवसांनी मांजरसुंब्याच्या पुढे घाटात उतरताना काकांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला हात घातला आणि गिअर पडला नाही. पुन्हा तिसराही लागला नाही. जीप मोकळी सुटली, दहा-बारा माणसं बसलेली, ब्रेक तापून गेलेले. एका बाजूला दरी होती. काकांनी जीप डोंगराच्या अंगाला घातली, आणि घातली ती स्वतःच्या बाजूने. माणसं वाचली, खरचटण्यावर भागलं. काकांचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

जीप ओढून आपल्याच दारात आणली. गाडीवाल्यांनी हट्ट धरला, सगळ्यांसमोर गिअरबॉक्स उघडायचा. तुम्ही पोतं अंथरलंत, बोल्ट काढलेत. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तेल काळं आलं आणि त्यात पिवळी चमक होती, हळद कालवल्यासारखी. पितळी रिंगेचे दात पार गेले होते. तुम्ही ते तेल तळहातावर घेतलंत आणि अंगठ्याने चोळलंत.

"कोन्तं तेल घातलं व्हतं, मेस्त्री?" एकाने विचारलं.

"हौसिंगचं."

"कावून? तुमाला कळत न्हाई व्हय? का कुनी सांगितलं व्हतं?"

"कुनी कशाला सांगंल? तीस वर्सं मी धंदा करतोय. माजी चूक हाय."

पडदा माझ्या हाताच्या अंतरावर होता. नुसता बाजूला सारायचा होता. मी सारला नाही.

ते सगळे गेल्यावर तुम्ही आत आलात, हात न धुता खाली बसलात. मला वाटलं, आता तुम्ही मला मारणार. तुम्ही कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारायला पाहिजे होतं. मी म्हणाले, मी जाते, दवाखान्यात जाऊन काकांना सांगते. तुम्ही मान हलवलीत. "गप ऱ्हा. तुजं नाव निगालं तर ह्या गल्लीतली येकबी पोरगी म्होरं शिकणार न्हाई. मेस्त्र्याच्या पोरीनं शिकून काय केलं, मानसाचा पाय घालवला, आसं म्हनतील. माजं काय, मी अडानीच हाय. अडान्याचं चुकलं तर कुनाला नवल वाटत न्हाई."

तो माझ्याच तोंडचा शब्द होता, आठ दिवसांपूर्वीचा. तुम्ही टोमणा म्हणून तो वापरला नाहीत, हे मला माहीत आहे. त्यामुळेच तो अजून गेलेला नाही.

गॅरेजवर गाडी यायची बंद झाली. तुम्ही काकांना भेटायला दोनदा गेलात, दोन्ही वेळा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढे तुम्ही मांजरसुंब्याला, ढाब्याशेजारच्या मोठ्या गॅरेजात कामाला लागलात. मेस्त्री म्हणून नाही, डिझेलमध्ये पार्ट धुवायला. तुमच्या निम्म्या वयाची माणसं तुम्हाला "ए म्हाताऱ्या, पान्हा दे" म्हणताना मी एकदा बसमधून पाहिलं. मी बस थांबवली नाही. दोन वर्षांनी तिथेच, पार्ट धुता धुता, छातीत कळ आली. मातीला मोजकी माणसं होती. गाडीवाल्यांपैकी कुणीच नव्हतं.

मला आयटीआयमध्ये शिकवायची नोकरी लागली. पहिल्याच वर्षी वंगणाचा धडा काढायला बसले आणि त्यात तांब्याच्या पट्टीची परीक्षा सापडली. घासून चकचकीत केलेली पट्टी तेलात बुडवायची, तेल तापवून ठराविक वेळ ठेवायचं आणि पट्टी किती काळवंडते ते बघायचं. सगळ्या जगात प्रयोगशाळांतून हेच करतात. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी तास घेतला नाही.

आता दरवर्षी घेते. फळ्यावर लिहिते: गिअरबॉक्सला गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल, पितळी रिंगा असतील तर बहुधा जीएल-चार, पाच हा चारच्या वरचा वर्ग नाही, ते वेगळ्या कामाचं तेल आहे. मग सांगते, एका मेस्त्रीने हे तेल बदललं आणि एका माणसाचा पाय गेला. गोष्ट चांगली लागू पडते. वर्गात आता सहा मुली आहेत, त्यातली एक आपल्याच गल्लीतली. ती पुढच्या बाकावर बसते, पडद्याबिडद्याचं तिला काही ठाऊक नाही. तुमचं म्हणणं खरं झालं, असं तिच्याकडे बघून स्वतःला समजावता येतं. बरेच दिवस समजावलंही.

पण एक मेस्त्री कोण, हे केजमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तुमचं नाव तिथे अजून त्याच एका गोष्टीसाठी निघतं. म्हणून या दिवाळीआधी मी ठरवलं, निदान एका माणसाला खरं सांगायचं. काका आता केजच्या बसस्टँडबाहेर सीताफळं विकतात. कुबडी भिंतीला टेकवलेली, पुढे टोपली. मी जाऊन समोर बसले. त्यांनी मला ओळखलं.

"मेस्त्र्याची पोरगी न्हवं का तू? मास्तरीण झालीस म्हनं."

"हो, काका. तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोल की. पन आदी माजं आईक. तुजा बाप गेला तवा मी मातीला आलो न्हाई. लई राग व्हता. आता वाटतं, यायला पायजे व्हतं. मानूस वाईट न्हवता त्यो." सीताफळं दाबून बघत, पिकलेली बाजूला काढत ते बोलत होते. "ताठा नडला त्याला. घरात इंजिनेर लेक बसलीय, पडदा सारून येकदा ईचारायचं, पोरी, ह्ये तेल घालू का? तर न्हाई. गडीमानसाचा ताठा." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ईचारलं व्हतं का त्यानं तुला कदी?"

मी पाठ करून गेले होते. पहिलं वाक्य तयार होतं.

मी म्हणाले, "नाही, काका."

त्यांनी मान हलवली, त्यांना ते माहीतच होतं अशी, आणि मी घेतलेल्या सीताफळांत दोन फळं जास्तीची घातली.

इतकी वर्षं मी असं मानत आले, की तुम्ही सांगितलंत म्हणून मी गप्प आहे, गल्लीतल्या मुलींसाठी गप्प आहे. त्या दिवशी स्टँडवर तुम्ही नव्हता, अण्णा. मुलीही नव्हत्या. एक म्हातारा माणूस साधं विचारत होता, आणि त्याच्याशी मी माझ्या मनाने खोटं बोलले.