दोन किलोमीटर, चाळीस मिनिटं

वरोरा, १८ मार्च २०२५

चि. हेमराजला ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून झिंगू ड्रायव्हरच्या हाती पत्र पाठवते. डिझेल आणि धूर कमी व्हावा म्हणून आपले मालक गुणवंतरावांनी सगळ्या ट्रकांना यंत्रं बसवली. कुठली गाडी कुठे रेंगाळते, ते ऑफिसात मीच पडद्यावर बघते. रोज पहाटे खाणीवरून माल घेऊन निघालास की जंगलातले दोन किलोमीटर कापायला तुला चाळीस मिनिटं का लागतात?

हेमराज डिझेल विकून राह्यला, असं मालक म्हणतात. मी नाही म्हटलं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. लहानपणी गुळाचा खडा तोंडात ठेवून तू नाही म्हणायचास. दर शनिवारी रेंगाळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मालकांना द्यावी लागते. तुझं नाव गेलं तर नोकरी जाईल. खरं काय ते कळव.

तुझ्या काळजीत,
दिव्यानीताई

खाणीचा तळ, २० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गूळ खाल्ला होता, डिझेल नाही. सख्ख्या बहिणीने चोर ठरवलं, याचं फार वाईट वाटलं.

सध्या जंगलात मोहाची फुलं पडताहेत. गावातल्या बाया उजाडायच्या आत फुलं वेचायला त्याच रस्त्याने निघतात. होळीआधी तिथे त्यांच्यातल्या सोमारीला वाघाने नेलं. तेव्हापासून त्या पुढे चालतात आणि मी मागून पहिल्या गिअरमध्ये येतो. सोमारीची जाऊ मंगली म्हणते, गाडीचा आवाज असला का वाघ बाजूले होते. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी बंद करायला लावलं असतं, आणि मी बंद करणार नाही.

थोडा राग, बाकी लोभ.
हेमराज

वरोरा, २४ मार्च

चि. हेमराजला आशीर्वाद.

तुझ्यावर शंका घेतली, माझं चुकलं. गुणवंतरावांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, वाघाच्या गोष्टी मले नको सांगू बाई. तरी उद्यापासून तुला नवा बॅटरीचा ट्रक देताहेत. धूर नाही, आवाज नाही. मी हरखले, तेवढ्यात म्हणाले, त्याच्यात विकाले डिझेलच नाई. म्हणजे संशय तसाच आहे. भरली गाडी एकटी सोडली तर घरी बसवीन, असंही बजावलंय. जपून राहा.

माया असू दे.
ताई

खाणीचा तळ, २७ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

गाडी झकास आहे. बायांच्या डोळ्यांत धूर जात नाही, त्या खूश आहेत. पण परवा मंगलीने तीनदा मागे वळून पाहिलं आणि विचारलं, भाऊ, गाडी बंद पडली काऊन? काल वाघ बायांपासून दहा पावलांवर रस्त्यातच बसलेला. मागे गाडी आहे हे त्याला कळलंच नाही. बाया ओरडल्या, मी हॉर्न दाबला, तेव्हा कुठे सावकाश उठून गेला. त्या रस्त्यावर हॉर्नला बंदीची पाटी आहे. डब्याला नाही. म्हणून आजपासून गाडीला कुलूप लावतो आणि पत्र्याचा डबा बडवत बायांच्या पुढे चालतो.

शनिवारच्या यादीत माझं नाव तूच लिही. माझ्यासाठी खोटं लिहून तुझी नोकरी घालवू नकोस. तोवर रोज पहाटे पडद्यावर तेवढं लक्ष ठेव. गाडी तासभर उभी दिसेल. हलली, की समज, भाऊ परत आला.

मायेत अंतर नको.
हेमराज