मुदतीबाहेर

॥ श्री ॥
कर्जत, १२ जून १९७३

ती. नानांस,
पद्मजाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. काल कोर्टाचा बेलीफ समन्स देऊन गेला. ह्यांनी शिवणक्लाससाठी शिळफाट्याच्या धाकलूशेठकडून हप्त्यांवर दोन शिवणयंत्रं घेतली होती, त्याचा दावा. ६९च्या दिवाळीनंतर हप्ता गेलाच नाही. ह्यांच्या दुखण्यात शेठ स्वतः येऊन उशाशी बसले होते. सवडीनं द्या मास्तर, घाई नाय, असं म्हणाले होते. ह्यांच्यामागे मीही ते देणं मनाआड केलं. आता शेठच्या भावाभावांत वाटण्या झाल्यात, म्हणून जुनी येणी काढली असावीत. वकील करायची ऐपत नाही. तुम्ही अलिबागच्या कोर्टात जन्म काढलात, काय करू ते कळवा. वहिनींना नमस्कार. धाकटीवर माया असू द्या.
तुमची, पद्मजा

अलिबाग, १६ जून १९७३

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद. लहानपणी माझ्याशी भांडताना तुला कधी वकील लागला नाही, आताच कशाला हवा? सोबत कोर्टात द्यायच्या कैफियतीचा मसुदा धाडतो, तो तुझ्या अक्षरात उतरव. शेवटच्या हप्त्याला तीन वर्षं उलटून गेली, दावा मुदतीबाहेर आहे, एवढंच सांगायचं. उशाशी कोण काय बोललं ते काढू नकोस. विचारतील तेवढंच बोल. वहिनी तुझ्यासाठी कोकमं पाठवते आहे.
तुझ्या काळजीत असलेला, नाना

कर्जत, ३ ऑगस्ट १९७३

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार. काल निकाल लागला, दावा फेटाळला. तुम्हाला आनंद होईल म्हणून आधी तेच लिहिलं.
जज्जसाहेबांनी शेठना विचारलं की इतकी वर्षं का थांबलात. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उशाशी बसल्याचं सांगतील. तर झाला उशीर साहेब, एवढंच म्हणाले. नाना, मीही गप्प राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी मलाच विचारलं, क्लासला पोरी येतात ना. मी नुसती मान हलवली. आज यंत्रावर बसले, पण पाय चालेना. तुमच्यावर राग नाही, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?
पद्मजा

अलिबाग, ८ ऑगस्ट १९७३

चि. पद्मजास,
आशीर्वाद. कायद्याने तू काही चुकली नाहीस. मी तर इथे चारचौघांत तुझं कौतुक करून बसलो. बजावून ठेवतो, दुकानाकडे फिरकू नकोस आणि देते म्हणून एक ओळही सहीनिशी लिहून देऊ नकोस. तसं केलंस तर मेलेलं देणं पुन्हा जिवंत होईल. थोडे दिवस इकडे ये. येतेस ना?
नाना

कर्जत, २० ऑगस्ट १९७३

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार. ती ओळ मी लिहून दिली. ती कशी लिहायची हे तुमच्याच पत्रातून कळलं.
रविवारी शिळफाट्याला गेले. शेठ कागद घेईनात. त्यांच्या बायकोनं, सोनुबाईंनी घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, पैसं येतील वो बाई, पण बाजारात लोक म्हणत्यात शेटनी विधवेवर खोटा दावा लावला. त्याचा हप्ता कसा पाडायचा?
मग दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि समोरच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की देणं खरं आहे, शेठनी माणुसकीनं थांबून घेतलं आणि कोर्टात गप्प मी बसले. आवाज फार लांब गेला नसेल. चारपाच माणसं थांबली, बाकीची भाजी घेत राहिली. शेठ खाली मान घालून आत निघून गेले. सोनुबाईंनी पुढे चहा ठेवला. तो निवून गेला तरी उठायचा धीर होईना.
पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पायरीवर जाणार आहे. अलिबागला मग येईन. रागावलात तरी पत्र बंद करू नका.
तुमची, पद्मजा