समुद्रापासून सातशे किलोमीटर

मृत्युपत्र लिहून ठेवणार: ललिता डोमाजी मोहोड, वय ६२ वर्षे, सेवानिवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, मूळ गाव वलगाव, हल्ली मुक्काम गाडगेनगर, अमरावती.

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. तरी मागे घोळ राहू नये म्हणून हा कागद आजच करते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीचा दाखला वेगळा लागू नये, तो खालच्या मजकुरातून मिळेल. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

कलम १. गाडगेनगरचे दोन खोल्यांचे घर, पुढचे अंगण आणि मागची मोरी धरून, माझ्या स्वकष्टाच्या पगारातून बांधलेले आहे. ते माझी भाची रश्मी हिला पूर्ण मालकीहक्काने द्यावे. लग्न करावे की नाही, या घरात राहावे की भाड्याने द्यावे, हे तिने कोणाला विचारू नये. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

कलम २. वलगावच्या वडिलोपार्जित जागेतील माझा हिस्सा धाकटा भाऊ सुगत याला द्यावा. पन्नासाव्या वर्षी मी समुद्रात डाइव्ह करायला शिकायचे ठरवले, तेव्हा सुगत चार माणसांत म्हणाला होता, "बाई, त्या काळ्या रबरी कपड्यात तू कशी दिसशीन, त्याचा तरी विचार कर. नातेवाईक हसून राहिले." त्याच्याशी मी अकरा महिने बोलले नाही. पण तो जे बोलला ते माझ्या तोंडावर बोलला. आता मला त्याची किंमत कळते, म्हणून हिस्सा त्याचा.

कलम ३. बँकेतील ठेव व भविष्य निर्वाह निधीतून उरलेली रक्कम वलगाव येथे मुलींच्या उन्हाळी पोहण्याच्या शिबिरासाठी वापरावी. शिबिराला माझे नाव देऊ नये. द्यायचेच असेल तर माझे वडील डोमाजी यांचे द्यावे. आमच्या लहानपणी गावातल्या मळ्याच्या विहिरीत इतरांची पोरे उड्या मारायची. आम्ही बौद्धवाड्यातली पोरे काठावर उभी राहिलेली चालत, पाण्यात उतरलेली चालत नसत. बाबांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि पेढी नदीच्या डोहात मला सोडले. म्हणाले, "नदीले कोणी कुलूप लावलं नाई." शिबिरात येणाऱ्या कोणत्याही मुलीला तिचे आडनाव विचारून रांग लावू नये, ही अट आहे. ती मोडल्यास रक्कम परत घेण्याचा अधिकार रश्मीला राहील.

कलम ४. डाइव्हचे सामान. यात रबरी सूट एक, हवा भरायचे जाकीट एक, पायातले पंख एक जोडी, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली टाकीतली हवा ज्याच्यातून तोंडाने ओढायची ते यंत्र, अशा वस्तू येतात. कॉम्प्युटर आणि रेग्युलेटर यांचे पुढे वेगळे लिहिले आहे; बाकीचे सामान वलगावच्या शिबिराला द्यावे. सूट दोन ठिकाणी मीच शिवलेला आहे. सगळे सामान कोणाकोणाचे वापरलेले घेतले होते, पण दरवर्षी तपासून घेतले. फेसबुकवरच्या आमच्या डाइव्हच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी माझ्या सामानाच्या फोटोखाली "भंगारवाला आला का?" असे लिहिले होते आणि त्यावर एकाहत्तर जण हसले होते. त्या एकाहत्तरांत गीतांजली होती.

गीतांजली कोण, हे इथे लिहिणे भाग आहे, कारण यापुढची कलमे तिच्याशिवाय कळणार नाहीत.

मी अकोल्याला नोकरीला होते तेव्हा उन्हाळी शिबिरात नऊ वर्षांची गीतांजली आली. पाण्याला इतकी भ्यायची की पहिले चार दिवस माझ्या गळ्यात हात टाकूनच राहिली. पाचव्या दिवशी सोडला. पुढे ती जिल्ह्याच्या स्पर्धेत पोहली, शिकली, अकोल्यातच नोकरीला लागली, पण दर दिवाळीला माझ्याकडे अमरावतीला यायची. समुद्रात डाइव्ह शिकायला मालवणला आम्ही दोघी बरोबर गेलो. पहिल्यांदा पाण्याखाली गुडघे टेकून बसलो तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. वर आल्यावर म्हणाली, "मॅडम, आपल्या वऱ्हाडातल्या लोकायले हे कोणी दाखवलंच नाई."

म्हणून आम्ही दोघींनी फेसबुकवर ग्रुप काढला, "समुद्रापासून सातशे किलोमीटर". अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, कोणीही यावे. डाइव्ह कशी शिकायची, डोळ्याला चष्मा असेल तर काय करायचे, पोहता येत नसेल तर आधी कुठे शिकायचे, असे साधे प्रश्न विचारावेत. सुरुवातीला माणसे विचारायची आणि आम्ही दोघी शाळेच्या सुट्टीत उत्तरे द्यायचो. त्या दोन वर्षांइतकी सुखाची वर्षे माझ्या आयुष्यात थोडी आहेत.

मग ग्रुप वाढला. पुण्या-मुंबईची डाइव्ह करणारी मंडळी आली. आली त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होते. पण हळूहळू कोणी काही विचारले की उलट प्रश्न यायला लागला. तुमच्या डाइव्ह किती? मालदीवला गेला होता का? सामान स्वतःचे की भाड्याचे? बुलढाण्याच्या एका गृहिणीने विचारले की साडीवर सूट घालता येतो का. तिला इतके हसले की ती ग्रुप सोडून गेली. मी त्या हसणाऱ्यांना ठणकावले. गीतांजलीचा फोन आला. "मॅडम, कशाले भांडता? मोठे लोक आहेत, आपल्याच कामी येतीन."

तिचे लिहिणेही बदलत गेले. माझ्याशी फोनवर वऱ्हाडी बोलायची आणि ग्रुपवर अशी मराठी लिहायची की जणू तिचा जन्म सदाशिव पेठेत झाला. यातही गुन्हा नाही. मी सुद्धा हा कागद वऱ्हाडीत लिहीत नाही.

कलम ५. डाइव्ह कॉम्प्युटर रश्मीने स्वतःजवळ ठेवावा. त्यात ८७ क्रमांकाची डाइव्ह नोंदलेली आहे. ती पुसू नये, कुठे टाकूही नये. काय घडले ते असे.

डिसेंबर २०२३ मध्ये मालवणजवळ आम्ही सात जण बोटीने गेलो. त्यात पुण्याच्या एका क्लबचे तिघे होते. गीतांजलीला त्या क्लबमध्ये शिक्षिका व्हायचे होते. आणि देवानंद होता. देवानंदचा अचलपूरजवळ झेंडूचा मळा आहे. ग्रुप वाचून वाचून चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकला आणि प्रशिक्षण संपल्यानंतरची त्याची ती पहिलीच डाइव्ह होती. पाण्यात प्रत्येकाला एक जोडीदार असतो आणि जोडीदाराला सोडून जायचे नाही, हा पहिला नियम. देवानंदची जोडीदार गीतांजली होती. माझ्यासोबत मालवणचाच एक वाटाड्या होता.

चौदा मीटरवर पाणी गढूळ होते. गीतांजली नवा कॅमेरा घेऊन एका कासवामागे गेली. मी वळून पाहिले तर देवानंद एकटा, रेग्युलेटर तोंडातून सुटलेला, हात वेडेवाकडे हलवत. मी माझी जादा नळी त्याच्या तोंडात दाबली, त्याचे पट्टे धरले आणि वर निघाले. वर येताना अंगात साठलेला वायू निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते, त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. तो माझा मुखवटा ओढत होता, थांबणे शक्य नव्हते. थांबले नाही. वर आल्यावर त्याचा चेहरा पाण्याबाहेर धरून मी ओरडत होते, "सोडू नको! श्वास घे ना बाप्पा, श्वास घे!" बोटीवर तो उलटी करून रडला. रुग्णालयात तपासले, ठणठणीत निघाला.

बोटीवरच्या क्लबवाल्यांपैकी एकाने माझ्या ओरडण्याचे चित्रण केले होते. ते दोन दिवसांनी आमच्याच ग्रुपवर आले. वर लिहिले होते, "साठीच्या बाईंनी नवशिक्याचा जीव धोक्यात घातला. सेफ्टी स्टॉप नाही, ताबा नाही." खाली दोनशेच्या वर प्रतिक्रिया. "विहिरीत पोहायचं आणि समुद्रात मिरवायचं." "हे लोक खेळाची पातळी खाली आणतात." माझे "बाप्पा" घेऊन विनोदी चित्रे झाली. "हे लोक" हे दोन शब्द मी वलगावच्या विहिरीच्या काठावर ऐकले होते. त्यानंतर साठीत, माझ्याच ग्रुपवर. देवानंदचा जोडीदार कोण होता, हे दोनशेपैकी एकानेही विचारले नाही.

मी गीतांजलीला फोन केला. म्हटले, तू एक ओळ लिही, बस. ती म्हणाली, "थांबा मॅडम, वातावरण थंडं होऊ द्या." मी थांबले. मी स्वतः खरे लिहू शकत होते. पण ते तिने लिहावे असे मला वाटत होते. चौथ्या दिवशी तिने लिहिले: "ललिता मॅडमविषयी मला नितांत आदर आहे. परंतु सुरक्षिततेपुढे नाती गौण ठरतात. वयानुसार कुठे थांबायचे, हे प्रत्येकाने ओळखायला हवे." ते वाचून मी उत्तर लिहायला बसले, तोवर मी ग्रुपमध्ये नव्हते. ग्रुपच्या ॲडमिन आम्ही दोघीच होतो.

दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडून अकोल्याला तिच्या घरी गेले. तिच्या आईने, पार्बताबाईंनी, नेहमीसारखा चहा ठेवला. त्यांना काही माहीत नव्हते. "जेवूनच जा मॅडम," म्हणाल्या. त्या आत गेल्यावर मी विचारले, "गीता, काहून केलं असं?"

ती खाली बघत म्हणाली, "ते लोक मले शिक्षिका म्हणून घेऊन राहिले, मॅडम. मी जोडीदार सोडून गेली, हे सांगितलं असतं तर माह्यं सगळं संपलं असतं."

"आन् माह्यं?"

"तुमाले काय फरक पडते आता? तुमचं तर झालंच ना सारं."

पार्बताबाई वाटीत चिवडा घेऊन आल्या. मी दोन घास खाल्ले, कारण त्या माऊलीचा त्यात काही दोष नव्हता. मग उठले. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत रडले, पुढे रडले नाही. त्यानंतर मी पाण्यात उतरलेले नाही. डॉक्टरांनी मनाई केली ती या वर्षी. मी आधीच थांबले होते.

कलम ६. गीतांजलीला मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, एखाद्याला वगळायचे असेल तर विसरून राहिले असे वाटू नये म्हणून स्पष्ट लिहावे. तेव्हा स्पष्ट लिहिते: विसरलेले नाही. माझ्या पश्चात तिने कुठेही मला श्रद्धांजली लिहू नये व तिने काढलेला माझा फोटो वापरू नये. ती घरी भेटायला आली तर रश्मीने दार अडवू नये, पाणी द्यावे. शोकसभेत मात्र तिला बोलू देऊ नये. तिच्याविरुद्ध मी कुठेही तक्रार केलेली नाही आणि माझ्या वारसांनीही करू नये. पाण्यात घाबरलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला मी जे शिकवले ते मला परत घेता येत नाही. घ्यायचेही नाही.

कलम ७. रेग्युलेटर देवानंद याला द्यावा. (हे कलम रद्द. कारण खाली लिहिले आहे.)

गेल्या उन्हाळ्यात देवानंद अचलपूरहून एस.टी.ने माझ्याकडे आला. पिशवीभर झेंडू होता. बसता बसताच म्हणाला, "मॅडम, तुमी मले उत्तर नाई देल्लं. रागावल्या काय?"

मी म्हटले, "कशाचं उत्तर?"

"मी ग्रुपवर लिवलं होतं ना. तीन डाव लिवलं. मले एकटं कोणी सोडलं आन् वर कोणी आणलं, सारं लिवलं. तुमी वाचलं नाई?"

त्याने मोबाइल दाखवला. तिन्ही वेळचा मजकूर तसाच होता. प्रत्येकाखाली लिहिले होते: ॲडमिनच्या मंजुरीसाठी प्रलंबित. मी ग्रुपबाहेर होते, म्हणजे ॲडमिन एकटी गीतांजली. तिने तो तीनदा वाचला आणि तीनदा तसाच ठेवला. ती गप्प बसली, एवढेच मी तोवर धरून चालले होते. दुसऱ्यालाही तिने बोलू दिले नव्हते. त्या दिवसापर्यंत माझ्या मनात तिच्यासाठी एक फट उघडी होती. ती त्या दिवशी मिटली.

म्हणून रेग्युलेटर देवानंदला द्यायचे ठरवले आणि काल त्याला बोलावून सांगितले. त्याच वेळी वकिलांचा फोन आला की दुसरा साक्षीदार आजारी पडला, कोणी ओळखीचे आणा. देवानंद म्हणाला, "मी करतो सही." वकिलांनी समजावले की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही; एकतर वस्तू घ्या, नाहीतर साक्ष द्या. देवानंदने क्षणभरही विचार केला नाही. "वस्तू राहू द्या साहेब. मले साक्षच देऊ द्या. दीड वर्ष झालं, कोणी घेऊनच नाई राहिलं."

सबब कलम ७ रद्द केले. रेग्युलेटर वलगावच्या शिबिरात ठेवावा, मुलींनी हाताळून पाहावा.

देवानंद आपल्या सहीखाली दोन ओळी जास्तीच्या लिहिणार आहे. वकील म्हणतात, साक्षीदाराने एवढे लिहायचे नसते. मी त्यांना सांगितले, लिहू द्या, इथे मंजुरी देणारी मी आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला कळला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) ललिता डोमाजी मोहोड

साक्षीदार १. महादेवराव, शेजारी, गाडगेनगर, अमरावती. ललिताबाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २. देवानंद, धंदा शेती, तालुका अचलपूर. ललिता मॅडमनी माझ्यासमोर सही केली. (सही)

त्या दिवशी पाण्यात माझ्या जोडीदार ललिता मॅडम नव्हत्या. तरी मले वर त्यांनीच आणलं, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं आहे.

ठिकाण: अमरावती
दिनांक: १४ जून २०२५