आज बदली न्हाई

दादा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आज दुकानातला माळा आवरताना ती कॅसेट हाताला लागली आणि डोकं पुन्हा तापलं. किती छळलंत हो तुम्ही मला! माधवनगरची गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती, पण तिचा भोंगा तुमच्या कानात रोज वाजायचा. सकाळी सहाला खाकी शर्ट घालून, रिकामा डबा काखेत मारून तुम्ही पहिल्या पाळीला निघायचात, आणि मी अर्धी दाढी तशीच टाकून तुमच्या मागं धावायचो. एकदा तर रेल्वे फाटकाच्या पुढं रुळांमधून चालताना सापडलात. फाटकवाल्यानं हाताला धरून घरी आणलं, आणि तुम्ही मलाच म्हणालात, "तुझ्यापायी खाडा पडला बघ."

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, औषध नाही, लक्ष ठेवा. साताऱ्याहून तुमच्या थोरल्या लेकाचा फोन आला, "भायेरनं कुलूप लाव की." त्याचं काय जातंय बोलायला! तरी एक दिवस लावलं. तुम्ही दाराला धडका मारून कपाळ फोडून घेतलंत. आईनं जखमेत हळद भरली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी रेडिओ-टेप दुरुस्त करणारा माणूस. "तारा जोडून कुणी शाना झालाय का?" हे तुमचं लहानपणापासून ऐकत आलेलो. म्हटलं, आता तारांनीच दाखवतो. उंबऱ्याबाहेरच्या गोणपाटाखाली बेलचं बटण बसवलं, त्याची वायर आतल्या टेपला जोडली. पाय पडला की टेप बोलणार, पाय उचलला की गप्प. कॅसेटची अख्खी बाजू माझ्या आवाजात एकाच वाक्यानं भरली, "दादा, गिरणी बंद हाय, आत जावा." पहिल्या सकाळी त्यावर पाय पडला दूधवाल्याचा, आणि तो मुकाट्यानं पार स्वयंपाकघरापर्यंत आत आला. मग तुम्ही आलात. थांबून ऐकलंत आणि टेपलाच दम भरलात, "कोण रं तू मला शिकवणार? भोंगा झालाय." आणि सरळ चालू लागलात. पोराचं ऐकायची सवय जन्मात नव्हती, ती आजारात कुठून येणार?

शेवटी आईनंच वाट दाखवली. "आरं, तुझं कशाला ऐकत्याल? जॉबरचा शब्द मातूर त्यांनी कवा मोडला न्हाई." कायम होण्याआधी सात वर्षं तुम्ही बदली कामगार होता, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कामावर आला नसेल तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर म्हणणार, "आज बदली न्हाई, उद्या या." त्यावर वाद नाही, डबा घेऊन माघारी. मी आवाज जाड केला आणि तेवढंच वाक्य कॅसेटमध्ये भरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोणपाटावर उभे राहिलात, ऐकलंत, मान खाली घातलीत, "बरं जी" म्हणालात आणि आत येऊन डबा फळीवर ठेवलात. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत. थोरल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

सव्वा वर्ष, तुम्ही जाईपर्यंत, ते चाललं. तुमच्या अंगाला ओरखडासुद्धा आला नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण रोज सकाळी आत येऊन तुम्ही आईला सांगायचात, "आज बी न्हाई घेतलं." पुढं पुढं चहासुद्धा नको म्हणू लागलात, काम न्हाई तर च्या कशाचा? मग दिवसभर तिच्या जुन्या लुगड्यातले धागे काढून गाठी मारत बसायचात. एक दिवस ती माझ्यावर कडाडली, "तीस वरसं कायम हुते ते. तू त्यांस्नी परत बदली करून ठेवलंस. एक दिस तरी आत घे की रं!" मीही चिडलो. रोज दुकान, तुम्ही, डॉक्टर, आणि वर हे! "आत कुठं घिऊ? गिरणीला टाळं हाय," असं ओरडलो. ती उठून आत गेली. मला वाटलं, मी जिंकलो.

तुम्ही तरी एकदा भांडायचं होतंत ना! मला, थोरल्याला, डॉक्टरांनाही शिव्या घातल्यात, आणि त्या जॉबरपुढं मात्र रोज मान खाली. चिडून बोलतोय, पण हे पत्र जाणार कुठं? घडी घालून कॅसेटच्या डबीतच ठेवतो आहे. फक्त एक कबूल करतो. आईला मी खोटं सांगितलं. आत घ्यायला जागा होती. घराला लागून माझं दुकान होतं, ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायचं काम कायम पडून असायचं, आणि तुमची बोटं शेवटपर्यंत थरथरली नाहीत. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही काहीतरी बोलून बसाल, याची मला लाज वाटायची. माझ्या शेजारचं स्टूल ते सव्वा वर्ष रिकामंच होतं.